हेल्मेटला जाळी

खेळाच्या सामानाच्या दुकानात मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जालन्यात सराफ्याच्या मागच्या गल्लीत असं एक दुकान होतं. आत कॅरमच्या पावडरीचा वास आणि दाराशी टांगलेले फुटबॉल. एका दुपारी मी तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बेसबॉलच्या हेल्मेटला पुढून बसवायची जाळी पाहिजे. तेरा वर्षांच्या पोरीच्या मापाची."

दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं कुणी पुरुषमाणूस आहे का ते पाहिलं. "कशाची जाळी म्हणले?"

"तोंडावरची. बॉल डोळ्याला लागू नये म्हणून."

"बेसबॉल म्हणजे ते अमेरिकेतलं का बाई?"

"जालन्यातलंच," मी म्हणाले. "म्हाईत नसंल तर तसं सांगा. मला दुसरीकडं जायचंय."

माझ्या जिभेला हाड नाही, यावर माझं माहेर आणि सासर या दोघांचं एकमत आहे. पण त्या दिवसांत माझा जीवच थाऱ्यावर नव्हता. दुसरीकडं जायचंय म्हणाले खरी, पण दुसरं दुकानच नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझी लेक आठवीत होती आणि तिच्या शाळेत मुलींचा बेसबॉलचा संघ होता. खेळाचे सर कुठल्याशा शिबिरात तो खेळ शिकून आले होते. बाकीच्या खेळांत मोठ्या शहरांच्या पोरी पुढं असतात, या खेळात अजून गर्दी नाही, आपल्या पोरी लांबवर जातील, असा त्यांचा सरळ विचार. शाळेकडं दोन बॅटी, एका गोणीत चामड्याचे हातमोजे आणि दोन हेल्मेटं. त्या हेल्मेटांना दोन्ही कानांवर झाकण असायचं आणि तोंड मात्र सताड उघडं.

आदल्या हिवाळ्यात सराव चालू असताना एका मुलीचा बॉल सुटला आणि माझ्या पोरीच्या डाव्या डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडावर येऊन बसला. सर तिला रिक्षात घालून घरी घेऊन आले तेव्हा मी भाकरी थापत होते. दार उघडलं आणि समोर पोरीचा अर्धा चेहरा जांभळा, फुगलेला, डोळा गायब. सर म्हणाले, "ताई, घाबरू नका." मी त्यांना काय काय बोलले ते आता आठवत नाही, आणि आठवत नाही तेच बरं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड चिरलंय, ते जुळेल. डोळा वाचलाय. "थोडक्यात वाचलाय," ते म्हणाले, "पण याच जागी पुन्हा मार बसला तर मग माझ्या हातात काही राहणार नाही."

हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि ते घरातच मुक्कामाला राहिलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात. तोंडाला काही झालं तर उद्या बघायला कोण येईल? बंद करा ते." माझे यजमान एमआयडीसीत सळया ओढायच्या मिलमध्ये कामाला. माणूस सोन्यासारखा, पण निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप. "तू म्हणशील तसं," ते म्हणाले. असल्या बोलण्याचा मला फार राग येतो. सगळं ओझं बाईच्या डोक्यावर ठेवायचं आणि वर तिला मान दिल्यासारखं दाखवायचं.

मी खेळ बंद केला. पोरगी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती फक्त शाळेतून आली की जिन्याच्या पायरीवर बसायची, शाळेतून आणलेला तो चामड्याचा हातमोजा घालून, आणि दुसऱ्या हाताची मूठ त्या मोज्यात हळूहळू मारत राहायची. धप्, धप्. स्वयंपाकघरात मला ते ऐकू यायचं. ताटात वाढलेलं निम्मं तसंच ठेवायची. हाड जुळलं, सूज गेली, गालावर एक पिवळट डाग होता तोही गेला, पण पोर काही परत आली नाही.

आणि मला ते सोसवत नव्हतं, कारण मला तो हात ओळखीचा होता. माझं माहेर वडीगोद्रीजवळचं. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की मी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायचे. पाखरांचा थवा उतरायच्या आत दगड बराबर त्याच्यापुढं जाऊन पडायचा. भाऊ सगळे माझ्यापेक्षा मोठे, पण नेम माझा. पुढं लग्न झालं आणि तो हात धुणीभांड्यांत गेला. माझ्या पोरीनं पहिल्यांदा मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बॉल फेकलेला मी पाहिला तेव्हा मी कुंपणाच्या तारेशी उभी राहून वेड्यासारखी रडले होते.

एक दिवस ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, जाळी लावली तर?"

सरांकडच्या एका मासिकात तिनं चित्र पाहिलं होतं. तिकडच्या पोरांच्या हेल्मेटांना पुढून जाळी असते, नाकाडोळ्यांपुढून जाणारी. मी ते चित्र आणि पोरीला घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्याच वेळी त्यांनी पोरीची पुन्हा तपासणी करून घेतली. मदतनीस मुलीनं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. पोरीनं आधी उजव्या डोळ्यानं वाचला, मग डाव्या डोळ्यानं, न अडखळता. डॉक्टर म्हणाले, "छान. बॉल डोळ्यापर्यंत पोचणारच नाही अशी जाळी मिळाली तर खेळू द्या. तोवर बॅट हातात द्यायची नाही."

म्हणजे आता सगळं त्या जाळीवर येऊन ठेपलं. बरोबर जाळी मिळाली तर पोर माझ्या हाती परत येणार होती. चुकीची मिळाली तर डोळा जाणार होता. जिल्ह्याच्या संघाची निवड पावसाळा सरता सरता होती.

त्या दुकानदारानं शेवटी क्रिकेटची जाळी काढून दिली. "जाळी ती जाळी," तो म्हणाला. घरी आणून लावून पाहिली तर तिची भोकं हेल्मेटच्या भोकांशी जुळेनात. यजमानांनी ती तारेनं आवळून बांधली. दिसायला बरी दिसली. पण मला विश्वास कसा यावा? दुकानात फ्रॉक घेताना दोन्ही हातांनी ताणून पाहते मी. इथं तर पोरीचा डोळा होता.

म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. अंगणात ओट्यावर एक जुना माठ उपडा ठेवला, त्याच्यावर हेल्मेट घातलं, पदर खोचला, सरांकडून मागून आणलेला बॉल घेतला आणि न्हाणीच्या दारापासून नेम धरून फेकला. जाळी आत दबली आणि माठाला भगदाड पडलं.

आवाजानं सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी खापऱ्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "भरल्या घरात माठ फोडून राह्यली? कुणी गेलंय का घरातलं?"

प्रेतापुढं फोडतात तसा मी माठ फोडला होता, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिथंच खापऱ्या गोळा केल्या, देवापुढं नाक घासलं आणि जांब समर्थच्या रामाला सगळं नीट झाल्यावर पोरीला घेऊन येईन असं बोलले. एरवी मी नवससायास करणारी बाई नाही. तेव्हा कोणी काही सांगितलं असतं तरी केलं असतं.

परीक्षा मात्र सोडली नाही. माहेरून डांगरं आली होती, लाल भोपळे, माणसाच्या डोक्याएवढे. माठाऐवजी डांगर ठेवलं. तिथंही सासूबाई आडव्या आल्या, आख्खं डांगर बाईनं फोडू नये, पहिला घाव पुरुषाचा लागतो. म्हणून यजमान मिलमधून येईपर्यंत मी बॉल हातात घेऊन बसून राहिले. ते दमूनभागून आले, चहा प्यायले, आणि लग्नाच्या बायकोची आज्ञा म्हणून डांगरावर एक बॉल हळूच टाकला. मग पुढचे मी फेकले.

क्रिकेटच्या जाळीनं डांगराला बरोबर डोळ्याच्या जागी खोल वण पाडला. बॉलनं नव्हे, जाळीच्याच सळईनं. म्हणजे जाळीनंच डोळा फोडला असता. मोटारसायकलच्या हेल्मेटची पुढची काच आणून बसवली. एका फेकीत तिचे तुकडे झाले आणि त्यातला एक डांगरात रुतून उभा राहिला. तो मी उपसून काढला. बॉल झेलायला मागं बसणाऱ्या पोरीचा मुखवटा शाळेत होता, तो मागितला. सर म्हणाले, "एकच हाय ताई, आणि तो घालून बॅटिंग होत न्हाई, हेल्मेट बसत न्हाई त्याच्यावर." एसटीडी बूथमधून औरंगाबादला, पुण्याला विचारून पाहिलं. तशी जाळी येत नाही, मागवली तर कधी येईल सांगता येत नाही. रोज संध्याकाळी डांगराची भाजी व्हायची. घरात कुणाच्या घशाखाली उतरेना, पण फेकायची कशी?

पोरगी या सगळ्यात माझ्यामागं मागं असायची. हेल्मेट धर, डांगर सरळ कर. "ही चालंल ना आई?" दर वेळी विचारायची, आणि दर वेळी डांगर फुटलं की फोडी गोळा करायला लागायची. मला वाटायचं, देवा, हिच्यासमोर तरी एक फेक नीट जाऊ दे.

शेवटी यजमान बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपणहून. "आमच्यात बनवून घेतो की."

मिलमध्ये लोखंडाला तोटा नव्हता. मिलच्या मालकाला विचारून त्यांनी बारीक सळईचे तुकडे घेतले आणि शेजारच्या वेल्डिंगच्या शेडमधून एक सांगाडा बनवून आणला. कानाच्या झाकणांना जी ऐकायची भोकं असतात त्यांतून बोल्ट घालून तो आवळायचा. हेल्मेटला नवं भोक नको म्हणून; शाळेचा माल, सर घाबरत होते. पहिल्यांदा आणला तेव्हा त्याला दोनच आडव्या सळया होत्या, एक नाकापुढं, एक हनुवटीपुढं. मासिकातल्या चित्रात होतं साधारण तसंच.

आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचा पार सत्यानाश केला.

मी म्हणाले, डोळ्याच्या समोर एवढी मोकळी जागा? एक सळई मध्ये टाका. बॉल त्या फटीतून शिरत नाही, हे यजमानांनी बॉल लावून दाखवलं. मला पटलं, पण मन मानेना. सळई पडली. सासूबाई म्हणाल्या, "नाकाचं काय? नाक चपटं झालं म्हंजे?" मग एक उभी सळई पडली. माझा भाऊ गावाकडून आला होता, त्यानं जाळी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बाजूनं लागला तर?" दोन्ही बाजूंना एकेक आली. यजमानांच्या मिलमधल्या सोबत्यांनीही आपापली अक्कल चालवली. लोखंडात आयुष्य काढलेली माणसं, त्यांना लोखंड जास्त म्हणजे भरवसा जास्त. सांगाडा रोज शेडमध्ये जायचा आणि रोज थोडा भरून यायचा. शेवटी तो आमच्या न्हाणीच्या खिडकीसारखा दिसायला लागला.

डांगराला तो लावला आणि मी माझ्या अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. टण्ण झालं. बॉल उडून तुळशीपाशी पडला. डांगर जसंच्या तसं. पुन्हा फेकला, पुन्हा जसंच्या तसं. डांगरावर ओरखडासुद्धा नाही. मी मटकन ओट्यावर बसले आणि पोरीला जवळ ओढलं. ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसत होती.

जाळीच्या वजनानं हेल्मेट पुढं झुकायचं म्हणून मी मागच्या बाजूला आतून जुन्या गोधडीचा तुकडा शिवला. पोरीच्या डोक्यावर चढवलं. यजमानांनी अंगणात खालून हळूहळू बॉल टाकले, तिनं बॅट लावली. काही लागले, काही सुटले. मान ती जरा जास्तच वळवत होती.

"दिसतं ना नीट?" मी विचारलं.

"दिसून राह्यलं आई. बिलकुल दिसतं."

"मान कशाला वाकडी करते मंग?"

"सवय न्हाई ना जाळीची. होईल."

मला ते खरं वाटलं. न वाटायला काय झालं होतं? सळयाच इतक्या होत्या की कुणालाही मान वळवावी लागली असती. आणि निवडीला आता वेळच उरला नव्हता.

निवड शाळेच्याच मैदानावर होती. यजमानांनी सुट्टी काढली, खिशात पाना ठेवला, बोल्ट सैल झाला तर असावा म्हणून. कडुलिंबाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून निवड करणारी मंडळी बसली होती. ठिकठिकाणच्या शाळांच्या पोरी आल्या होत्या. माझी पोर ते हेल्मेट घालून निघाली तेव्हा हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "पिंजऱ्यात घालून आणलीय." मी वळून त्या बाईकडं असं पाहिलं की तिनं पदर सावरला आणि ती दुसरीकडं जाऊन बसली. हसा म्हणाले मनात. माझ्या पोरीचा डोळा शाबूत राहतो, तुम्ही हसा.

पहिला बॉल आला, तिची बॅट हवेत फिरली. दुसरा आला, तसंच. तिसऱ्याला तर बॉल निघून गेल्यावर बॅट फिरली. बॉल टाकणारी पोर चांगल्या जोराची होती, पण माझी लेक मागच्या वर्षी याच्याहून जोराचे मारायची. सर बाजूनं ओरडत होते, "बॉलकडं बघ, बॉलकडं!" मी तार घट्ट धरून उभी होते. यजमान पुटपुटले, "सळया जास्त झाल्या बहुतेक."

मग एक बॉल सुटला आणि सरळ तिच्या तोंडावर आला. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. टण्ण.

जाळीनं तो अडवला. जसा अंगणात अडवला होता तसाच. बॉल लांब जाऊन पडला आणि बघणाऱ्यांतून "बाप रे" असा आवाज आला. पोर उभी होती, धक्क्यानं पाऊलभर मागं सरकली तेवढीच. सर धावले. ती मान हलवून म्हणत होती, काही नाही, काही लागलं नाही. यजमानांनी सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या खांद्याला हात लावला. चारचौघांत असं ते कधी करत नाहीत.

पण माझा तारेवरचा हात सुटला नाही. कारण मी तिच्याकडंच बघत होते. बॉल तोंडावर येताना माणूस डोकं मागं घेतं, खांदा फिरवतं, निदान दचकतं. तान्हं लेकरूसुद्धा डोळे मिटतं. माझी पोर हललीच नाही. टण्ण होईपर्यंत तिला कळलंच नाही की बॉल येतोय. ओट्यावरचं डांगर जसं ठेवलेलं असायचं तशी ती तिथं ठेवलेली होती.

मी तारेखालून वाकून आत शिरले. सर म्हणाले, "ताई, बाहेर व्हा." खुर्चीवरचं कुणीतरी उठलं. मी म्हणाले, "तिला दिसून राह्यलं न्हाई. जाळीनं दिसत न्हाई. मी काढते, मंग खेळू द्या." माझा आवाज असा काही लागला असावा की कुणी अडवलं नाही.

अडवलं ते पोरीनं. तिनं दोन्ही हातांनी जाळी धरून ठेवली. "नको आई. राहू दे. लावलेली राहू दे."

"डोळा फुटंल म्हणून भेतेस का?"

"राहू दे ना."

"अगं, दिसत न्हाई तुला हिच्यातून!"

"दिसतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली. यजमानांनी पान्यानं बोल्ट काढले. जाळी माझ्या हातात आली आणि पोरीचा चेहरा उघडा पडला. मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ. इतके महिने ज्याच्यासाठी जीव काढला ते मीच काढून टाकून तिला उघड्या तोंडानं उभी करत होते. पण बघायला तर पाहिजे. आधी दिसायला पाहिजे.

मी दोन पावलं बाजूला झाले. बॉल आला. बॅट हवेत फिरली. पुन्हा आला, पुन्हा हवेत. मग एक बॉल तिच्या हनुवटीजवळून गेला, इतका जवळून की तिची वेणी हलली. ती हलली नाही. आता समोर एकही सळई नव्हती.

मी किंचाळले. काय किंचाळले कोण जाणे, पण खेळ थांबला. मी तिला दंडाला धरून लिंबाच्या पलीकडं नेलं. हेल्मेट काढलं. तिच्या उजव्या डोळ्यावर माझा तळहात दाबून धरला आणि दुसरा हात तिच्या तोंडासमोर नेला.

"काय धरलंय मी?"

डावा डोळा माझ्याकडं उघडा होता, स्वच्छ, पाणीदार, कुणीही बघावं आणि चांगला म्हणावं असा. तो माझ्या हाताच्या बाजूनं कुठंतरी बघत होता.

"सांग ना. काय धरलंय?"

"बोटं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "तीन."

माझ्या हातात जाळी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही औरंगाबादला गेलो. वाटेत तिनं सगळं सांगितलं, खिडकीकडं तोंड करून. मार लागल्यावर आधी दिसत होतं. मग डोळ्यापुढं काळे ठिपके यायला लागले, मग एका बाजूनं पडदा पडल्यासारखं झालं, आणि तो पडदा सरकत सरकत आला. बॅट घेऊन उभं राहिलं की डावी बाजूच बॉलकडं असायची, आणि उजव्या डोळ्याला नाक आडवं यायचं. तपासणीच्या वेळी तिनं तक्ता उजव्या डोळ्यानं वाचतानाच पाठ करून ठेवला होता. परवचा पाठ करायचा कंटाळा करणारी माझी पोर. कुणाला सांगितलं का नाहीस, हे मी विचारलंही नाही. मला ठाऊक होतं. दिसत नाही म्हटलं असतं तर मी खेळ बंद केला असता, कायमचा. केलाच असता.

मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, बॅटरी लावून, बराच वेळ पाहिलं. त्यांनी सांगितलं की माराच्या वेळी आतला पडदा थोडा सुटला असणार, तो हळूहळू सगळा सुटत गेला. आधी आला असतात तर प्रयत्न केला असता. आता अंधार-उजेड कळेल, तेवढंच. ते हळू आवाजात बोलत होते आणि यजमान प्रत्येक वाक्याला "जी, जी" म्हणत होते, जणू मिलमधला साहेब काम समजावून सांगतोय. मला ऐकू येत होतं पण आत शिरत नव्हतं. मी त्या खोलीतल्या नळाकडं बघत होते. त्या नळातून पाणी गळत होतं आणि मला उठून तो नीट बंद करावासा वाटत होता. मग एकदम सगळं आत शिरलं. मी डांगरं फोडत बसले होते. रोज अंगणात, पदर खोचून, सळई सळई वाढवून, मी त्या डोळ्याची राखण करत होते, आणि तो डोळा माझ्या शेजारी उभा राहून, मला बॉल उचलून देत, विझत चालला होता. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडू तेच कळेना.

पोर इतका वेळ स्टुलावर बसून होती. औषधानं तिचे दोन्ही डोळे पाणावले होते. डॉक्टरांचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "मंग आता जाळीची गरज न्हाई ना?"

डॉक्टर म्हणाले, "कसली जाळी, बाळा?"

"तोंडावरची. डोळ्याला लागू नये म्हणून होती ती. आता तर..." आणि ती थांबली. तिच्या हिशेबानं ते बरोबर होतं. राखायचं होतं ते गेलं, आता कशाची भीती? आता तरी खेळू द्याल?

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डॉक्टरांसमोर, यजमानांसमोर, बाहेर रांगेत बसलेल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तिच्या अंगावर ओरडले, "आता तर लागंलच! आता एकच राह्यलाय तुला! जाळी लावल्याबिगर उभं करते का मी तुला?"

पोरीनं मान पूर्ण वळवली, उजवा डोळा माझ्यावर आणला.

"म्हणजे लावली तर खेळू देशील?"

मी हो म्हणाले.